सोमवारी सगळं बरोबर असतं

पंडिताला शून्यापासून मोजायची सवय होती आणि ती सवय तो दागिन्यासारखी अंगावर घालून मिरवायचा. जिन्याची पहिली पायरी त्याच्या लेखी शून्यावी पायरी. कॉफीचा पहिला कप शून्यावा कप. कुणी "दोन मिनिटं थांबा हं" म्हटलं, की हा विचारणार, "शून्य धरून की सोडून?" ऑफिसातली माणसं पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा हसली आणि नंतर नोकरी टिकावी म्हणून हसत राहिली. कारण पंडित मालकांचा जावई होता. 'पंडित' हे नाव लोकांनी पाठीमागे, चेष्टेनं ठेवलेलं. ते त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याला इतकं आवडलं, की पुढच्या आठवड्यात दारावरच्या पाटीवर झळकलं. चेष्टा कळायलाही थोडी अक्कल लागते. नुसत्या विद्वत्तेवर ते काम होत नाही.

ऑफिस होतं काचेच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर. सहा टेबलं, एक फळा आणि त्या फळ्यावर कधीही न पुसलेले बाण. तिथे वृद्धाश्रमांसाठी औषधांची कपाटं बनायची. म्हणजे लाकूड-लोखंडाचं काम दुसरीकडे व्हायचं, कपाटाच्या डोक्यात काय चालावं ते इथे ठरायचं. एका माणसाला एक कपाट. कपाटाला छोटे छोटे खण. रविवारी सिस्टरनं आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. कुठल्या खणात काय, ते खणावरचा दिवा लागून कपाटच दाखवतं. मग रोज ठरलेल्या वेळी बटण दाबायचं, की त्या वेळचा खण आपोआप पुढे येतो. खणात चिठ्ठी नाही, कागद नाही, नावाची पट्टी नाही. पंडित म्हणायचा, "जिथे माणसाला वाचावं लागतं, तिथे माणूस चुकतो." हे वाक्य त्यानं जाहिरातीतही छापून घेतलं होतं.

खिडकीजवळच्या सहाव्या टेबलावर (पंडिताच्या हिशेबानं पाचव्या) बाई बसायच्या. वय अठ्ठावन्न. चाळिशी ओलांडेपर्यंत त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवण्यात त्यांची वीस वर्षं गेली. शाळा बंद पडली, तेव्हा धाकट्या बहिणीच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं आणि शिकल्यासुद्धा. ऑफिसात सगळे त्यांना बाईच म्हणत. पंडितही म्हणायचा, पण त्याच्या तोंडी त्या शब्दाला 'बिचाऱ्या' असा एक न बोललेलं शेपूट असायचं. कपाटाचा गाभा, म्हणजे खण भरायचा-उघडायचा मूळ प्रोग्रॅम, त्यानं स्वतःकडे ठेवला होता. बाईंकडे दिलं होतं दप्तरासाठी आठवड्याची यादी छापायचं काम. कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कुठली गोळी.

गंमत अशी, की बाईंना त्या कामातलं जे काही उत्तम येत होतं, ते पंडितानंच शिकवलेलं होतं.

कामावर लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी त्याचं व्याख्यान ऐकलं. विषय होता, रांगेतली वस्तू कशी शोधावी. पंडितानं तीन तास घेतले. बाईंनी तिसरीच्या पोरांना ते पाव तासात सांगितलं असतं. ते असं. समजा, तुमच्याकडे खणांची रांग आहे. बहुतेक लोक म्हणतात, मला सातवा खण द्या. आता सातवा म्हणजे कुणाचा, कशाचा, हे त्या बिचाऱ्या आकड्याला ठाऊक नसतं. तो सात पायऱ्यांचा असेल, सात खुर्च्यांचा असेल. आकडा मुका असतो. पण ऑफिसात प्रोग्रॅमिंगच्या ज्या भाषेत काम चालायचं, त्या भाषेत एक छान सोय होती. तिला म्हणतात टाइपक्लास. नाव भारदस्त, गोष्ट साधी. टाइपक्लास म्हणजे दारावर बसलेला पहारेकरी. तो तुमची जात-कुळी विचारत नाही, तीन प्रश्न विचारतो. एक, तुमच्यात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत कोण कोण आहे, ओळीनं सांगा. दोन, हा अमुक तुमच्यात आहे की नाही? तीन, असला तर तो कितवा? ज्याला ही तीन उत्तरं देता येतात, तो खणाचा पत्ता होऊ शकतो. आकडे देतात. वारही देतात, सोमवारपासून रविवारपर्यंत. दिवसातल्या वेळाही देतात. आणि वार नि वेळ यांची जोडी केली, तर ती जोडीसुद्धा देते, कारण ती दोघांना विचारून घेते. मग तुम्ही म्हणायचं, "मंगळवार, दुपार." खण पुढे. मधला गुणाकार, बेरीज, सगळं भाषाच करते. माणसानं बोटं मोजायची नाहीत.

बाईंना हे इतकं आवडलं, की घरी जाऊन त्यांनी बहिणीच्या नातीला सांगितलं. नात म्हणाली, "मग आकडे कशाला लागतात?" बाई म्हणाल्या, "हुशार आहेस."

आपली यादी बाईंनी तशीच लिहिली. पत्ता म्हणजे वार आणि वेळ. आणि पंडितानं कपाटाचा गाभा कसा लिहिला होता? मुक्या आकड्यांनी. सोमवार शून्य, मंगळवार एक, असं करत वाराला चारानं गुणायचं, कारण दिवसाच्या वेळा चार, आणि वर वेळेचा आकडा मिळवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकदा बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही शिकवता तसं तुम्ही स्वतः का लिहीत नाही?"

"वेग, बाई, वेग," पंडित म्हणाला. "ते सगळं सुंदर आहे, पण त्याला वेळ लागतो. गाभ्यात सौंदर्य परवडत नाही."

कपाटाच्या मोटरला एक खण पुढे ढकलायला दीड सेकंद लागायचा. तेवढ्यात भाषेनं एक लाख वेळा वार आणि वेळ विचारले असते आणि वर पान खाल्लं असतं. पण हे बोलून दाखवायची तेव्हा गरज नव्हती. ती गरज पुढे पडली.

झालं असं, की एका वृद्धाश्रमानं दिवसात चारऐवजी पाच वेळा मागितल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र होत्याच, आता मध्ये चहाची वेळ. मग पाच वेळांचं पहिलं कपाट तयार झालं. ते एकच होतं, चाचणीपुरतं. ते एका सुतार आजोबांच्या खोलीत बसवलं. ते चाललं की तसली वीस जायची होती.

बाईंनी आपल्या यादीत वेळांच्या ओळीत 'चहा' हा एक शब्द घातला. झालं. काम संपलं. त्या उठून पाणी प्यायल्या.

पंडितानं चाराचा पाच केला. जिथे सापडला तिथे.

मंगळवारी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. बाकीच्यांच्या कानांवर ते मोठे हेडफोन, म्हणून बाईंनी उचलला.

"मी वृद्धाश्रमातून सिस्टर बोलतेय. आजोबांचा सकाळचा खण उघडला, तर रिकामा. मी भरला होता हो. रविवारी मी स्वतः भरला होता."

आवाज ओळखीचा होता. शेवटचा शब्द खाली दाबायची ती लकब बाईंनी वीसेक वर्षांपूर्वी तिसरीच्या दुसऱ्या बाकावर ऐकली होती.

"तू ती पाढे बोटांवर म्हणणारी ना गं?"

पलीकडून एकदम, "बाई? तुम्ही? अगं बाई! म्हणजे... बाई, मी अजून बोटांवरच मोजते."

"मोज. बोटं खोटं बोलत नाहीत. आता सांग, काय काय केलंस?"

पोरगी वर्गात हुशार नव्हती. पण वही जिथे ठेवायला सांगाल तिथे ठेवायची, आणि नाही ठेवली तर स्वतः येऊन सांगायची. असली मुलं वर्गात एखाददुसरीच असतात, आणि शिक्षक ती जन्मभर विसरत नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि पंडिताच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पंडितानं हातातला पेनही खाली ठेवला नाही. "भरायला विसरली असेल."

"विसरणारी नाही ती."

"बाई, माणूस विसरतो. म्हणून तर आपण कपाट विकतो." तरी उपकार केल्यासारखा तो स्क्रीनकडे वळला. "हे बघा. पाचही वेळा तपासतो. सोमवार सकाळ, बरोबर. दुपार, बरोबर. चहा, संध्याकाळ, रात्र. बरोबर."

"तिची तक्रार मंगळवारची आहे."

"आपली चाचणी सोमवारचीच असते. एक वार चालला की सातही चालतात. हे सिद्ध करता येतं."

"दाबून बघता येत नाही का?"

पंडित हसला. एखाद्या मुलानं सूर्य विझवता येतो का विचारल्यावर हसावं तसं. "मंगळवार हा सोमवारपेक्षा वेगळा का असेल, बाई?"

संध्याकाळी त्यानं स्वतः वृद्धाश्रमाला फोन लावला आणि सिस्टरला समजावलं. तुम्ही भरायला विसरलात, असं होतं माणसाचं, आम्ही तपासलंय, मशीनवर विश्वास ठेवा. ती बिचारी दिवसभर बाटल्यांतून गोळ्या काढून देत होती. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा गोड फोन आल्यावर बुधवारी पुन्हा कपाटाकडे वळली. सकाळी खण उघडला, आत पांढरी गोल गोळी होती. तिला हायसं वाटलं. दुपारीही पांढरी गोल गोळी होती. कपाटातल्या सगळ्याच गोळ्या पांढऱ्या आणि गोल. सुतार आजोबांनी ती घेतली, जेवायला बसले आणि दुसऱ्या घासाला ताटात तोंड टेकून गाढ झोपले. कपाळावर ताटाच्या कडेनं टेंगूळ आलं. डॉक्टर म्हणाले, झोपेची गोळी पोटात गेलीय. जीव वाचला, नशीब.

पंडितानं तासाभरात अहवाल लिहून पाठवला. तीन ओळींचा, सिस्टरच्या नावानिशी. 'कपाट निर्दोष. मानवी चूक. भरणाऱ्या व्यक्तीनं रात्रीची गोळी बुधवार दुपारच्या खणात ठेवली.' चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याइतकं चपळ काम पंडितानं त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं.

गुरुवारी सिस्टरचा पुन्हा फोन आला. या वेळी तक्रार नव्हती. "बाई, शुक्रवारी व्यवस्थापक निर्णय घेणार आहेत. तुमच्या ऑफिसच्या कागदावर सही झाली, की मला काढतील आणि माझं नाव नर्सच्या नोंदणीतूनही जाईल. मग कुठेच काम नाही मिळणार." मग ती म्हणाली, "मलाच वाटायला लागलंय, मीच ठेवली असेन. एवढे हुशार लोक सांगतायत म्हणजे..."

बाईंना फार कशाचा राग यायचा नाही. मुलांनी शाई सांडली, खिडकी फोडली, एकानं तर शाळेच्या घंटेचा दोर पळवला होता, तरी त्या रागावल्या नव्हत्या. पण जे मूल बरोबर उत्तर देऊन बसलंय, त्याला 'चूक' म्हणून खाली बसवायचं, हे पाप त्यांनी वीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. दुसऱ्याला करू द्यायचाही त्यांचा विचार नव्हता.

त्यांनी पंडिताचा गाभा उघडून वाचायला घेतला. चार हा आकडा पस्तीस ठिकाणी होता. कुठे चार मोटरी, कुठे चार वेळा प्रयत्न, कुठे कपाटाचे चार पाय. आणि कुठला चार कशाचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. आकडा मुका. दुपारपर्यंत त्यांना सापडलं. खण भरताना वाराला पाचानं गुणलं होतं. खण उघडताना चारानं.

त्या पंडिताकडे गेल्या. "उघडताना अजून चार आहे."

"तो मोटरचा चार."

"नाही. वेळांचा."

"बाई," पंडितानं घड्याळात पाहिलं, "तुम्ही यादी छापता. छान छापता. अहवाल गेलाय. उद्या तुम्हीही चला वृद्धाश्रमात. तिथे पिकले केस पाहून लोकांना बरं वाटतं."

"येते," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी वृद्धाश्रमाच्या जेवणघरात सगळे जमले. लांब टेबलावर प्लास्टिकचं कापड, एका टोकाला ते कपाट, शेजारी व्यवस्थापक कागद आणि पेन घेऊन. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. फक्त जो शेवटचा बोलेल त्याचं त्याला पटायचं. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात एकमेकांत अडकलेले आणि एक अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. ती मोजत होती. सुतार आजोबा मध्येच, चाकाच्या खुर्चीत, कपाळावर टेंगूळ घेऊन. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "तोंड माझं पडलंय ताटात. मी बसणार."

पंडित पंधरा मिनिटं बोलला. माणसाचं लक्ष, यंत्राची शिस्त, सिद्धता. आजोबांनी दोनदा जांभई दिली आणि म्हणाले, "ही गोळीमुळे नाही."

व्यवस्थापकानं पेनचं टोपण काढलं, तेव्हा बाई पुढे आल्या.

"साहेब, कागदात लिहिलंय की सिस्टर भरताना चुकली. मग भरणं किती सोपं आहे ते पंडितांनीच एकदा दाखवावं, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहणार नाही. मी कोरी कार्डं आणलीत. पस्तीस. पंडितांनी प्रत्येकावर वार आणि वेळ लिहायची, आणि दिवा लागेल त्या खणात टाकायची. अक्षर त्यांचं, हात त्यांचा."

पंडिताला हे आवडलं. स्वतःचं अक्षर त्याला नेहमीच आवडायचं. त्यानं बाह्या सरसावल्या आणि एकेक कार्ड लिहून, दिवा पाहून, खणात ठेवत गेला. सोमवार सकाळ. सोमवार दुपार. रविवार रात्रीपर्यंत. शेवटचा खण लावून त्यानं सिस्टरकडे पाहिलं. "बघा, इतकं सोपं असतं."

"आता तुम्हीच काढा," बाई म्हणाल्या. "शाळेत आम्ही असंच करायचो. ज्यानं ठेवलं त्यानंच काढायचं."

पंडितानं सोमवार सकाळ दाबलं. खण पुढे आला, त्यात 'सोमवार, सकाळ'. दुपार. चहा. संध्याकाळ. रात्र. पाचही कार्डं त्यानं पत्त्यांसारखी टेबलावर पसरली. "सिद्ध झालं. निघायचं?"

"मंगळवार राहिला."

"मंगळवार सोमवारसारखाच असतो हो!"

"पंडित," आजोबा खुर्चीतून म्हणाले, "मी सत्तर वर्षं मंगळवार बघतोय. दाब की!"

पंडितानं खांदे उडवले आणि मंगळवार सकाळ दाबलं. मोटर कुरकुरली. दीड सेकंद. खण पुढे आला.

रिकामा.

मग भिंतीजवळून सिस्टर बोलली. आवाज अगदी शांत, फोनवर तिनं पंडिताचा ऐकला होता तसाच गोड.

"तुम्ही भरायला विसरलात का हो?"

पंडिताचे कान लाल झाले. "मी विसरलो नाही! तुमच्यासमोर ठेवलं. मी स्वतः भरला होता!"

"मीपण," सिस्टर म्हणाली.

आजोबा हसले ते इतके, की टेंगूळ दुखलं म्हणून कपाळ धरून हसत राहिले. पंडितानं पुन्हा तेच बटण दाबलं, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर खण लाजेल. खण लाजला नाही. बाई म्हणाल्या, "पुढे चला." मंगळवार दुपारच्या खणातून निघालं 'मंगळवार, सकाळ'. चहाच्या वेळी दुपार आली, संध्याकाळी चहा आला, रात्री संध्याकाळ. बुधवार सकाळ पुन्हा रिकामी. आता बटणावर पंडिताचं बोट थांबलं होतं.

"बुधवार दुपार," बाई म्हणाल्या. "दाबा."

त्यानं दाबलं. कार्ड बाहेर आलं. ते त्यानं उचललं नाही, म्हणून व्यवस्थापकानं उचललं आणि मोठ्यानं वाचलं.

"'मंगळवार, रात्र.'"

"तीच ती," आजोबा म्हणाले. "माझी झोपेची."

व्यवस्थापकानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे अक्षर...?"

"त्यांचं," बाई म्हणाल्या. मग त्या खुर्ची ओढून बसल्या, आणि तिसरीच्या वर्गाला सांगावं तसं सांगू लागल्या. "एका दिवसाचे खण पाच. भरताना कपाट दर दिवसाला पाच खण ओलांडून पुढे जातं. उघडताना मात्र चारच ओलांडतं. मग मंगळवारी एक खण मागे राहतं, बुधवारी दोन, असं करत रविवारी सहा. शेवटचे सहा खण तर कधीच उघडणार नव्हते. आणि सोमवारी? सोमवारी आधीचा दिवसच नाही, ओलांडायचं काही नाही. शून्य दिवसांचे पाच खण काय नि चार काय, शून्यच. म्हणून सोमवारी सगळं बरोबर असतं. आणि आमच्याकडे तपासतात तो फक्त सोमवारच."

"किरकोळ गोष्ट आहे," पंडित म्हणाला. त्याचा आवाज त्याच्याच बाह्यांत अडकल्यासारखा येत होता. "एक आकडा आहे. एकच आकडा."

"त्या कागदावर माझं नावही एकच होतं," सिस्टर म्हणाली.

व्यवस्थापकाला शेवटचा बोलेल त्याचं पटायचं, आणि शेवटची सिस्टर बोलली होती. त्यानं तीन ओळींच्या अहवालावर आडवी रेघ मारली, पंडिताला म्हणाला, "नवा लिहून द्या. इथेच. आता." लिहिताना पंडितानं चार वाक्यं वापरली आणि एकातही 'मी' हा शब्द येऊ दिला नाही. तेवढं व्याकरण त्याला चांगलं यायचं. पण सिस्टरचं नाव त्यात नव्हतं. बाईंनी दोनदा वाचून खात्री केली.

त्यानंतर मालकांनी कपाटाचा गाभा बाईंकडे दिला. जावयाला काही बोलले नाहीत. सासऱ्यानं जावयाला बोलायचं नसतं, नुसतं काम काढून घ्यायचं असतं. बाईंनी पहिल्यांदा एकच गोष्ट केली. खणाचा पत्ता म्हणजे वार आणि वेळ, दुसरं काही चालणार नाही, असं भाषेला सांगून टाकलं. भाषेनं लगेच सतरा ठिकाणी हरकत घेतली. इथे तुम्ही मला आकडा देताय, मला वार हवाय, वेळ हवी. सतरा ठिकाणी बाईंनी मुके आकडे काढून बोलके पत्ते लिहिले. मग गुणायला चारही उरला नाही आणि पाचही. पुढेमागे कुणी सहावी वेळ मागितली, तर एक शब्द घालायचा आणि पाणी प्यायला उठायचं. वेग? मोटर अजूनही दीड सेकंदच घेते.

आणि चाचणी सात वारांची. त्यावर पंडित म्हणाला, "सातपट वेळ जाईल." बाई म्हणाल्या, "शून्य धरून की सोडून?"

पंडिताचं बरं चाललंय. हल्ली तो गावोगाव व्याख्यान देतो, 'टाइपक्लासनं जीव कसे वाचतात'. पडद्यावर त्या कपाटाचं चित्र असतं. चूक कुणी केली होती ते तो सांगत नाही, 'एका जुन्या आवृत्तीत' असं म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात. पहिली टाळी त्याला शून्यावी वाटत असेल.

दुरुस्त झालेलं कपाट बसवायला रविवारी बाई स्वतः गेल्या. सिस्टर गोळ्या भरत होती. दिवा लागायचा, ती गोळी ठेवायची, आणि प्रत्येक गोळीखाली एक छोटी चिठ्ठी सरकवायची. तिच्या गोल, शाळकरी अक्षरात वार आणि वेळ. बाईंना बघून ती ओशाळली.

"आता लागत नाहीत ना बाई ह्या? तुम्ही केलंय म्हणजे..."

"घाल," बाई म्हणाल्या. "आणि रोज वाचून मगच गोळी दे. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही."

सुतार आजोबांनी खुर्ची पुढे सरकवून मंगळवारचा एक खण बोटानं बाहेर ओढून बघितला, आत ढकलला, पुन्हा ओढला. "सांधा ढिला आहे," ते म्हणाले. "पण चिठ्ठी बरोबर आहे."

सिस्टरनं पुढची चिठ्ठी उचलली, आणि अंगठा पेरांवरून फिरवत मोजायला लागली.